जास्तीच्या बाटल्या

सोमवारी दुपारी खेळ बंद करताना काटेबाईंनी वहीत लिहिलं होतं : लाल औषध, सदतीस बाटल्या. मंगळवारी सकाळी खेळ उघडला, तर पडद्यावरच्या थैलीत चव्वेचाळीस.

कमी निघाल्या असत्या तर त्यांना एवढं लागलं नसतं. वजनमापं तपासण्याच्या नोकरीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला कमी भरलेल्याचं नवल नसतं. त्यामागचं कारण बहुतेक वेळा सरळच असतं. जास्त भरलेलं मात्र त्यांना अस्वस्थ करायचं. दुकानदार न मागता मूठभर जास्त घालायला लागला की आधी काट्याखाली वाकून बघा, असं खात्यात नव्याने आलेल्यांना त्या शिकवायच्या.

काटेबाई हे नाव बाजाराने ठेवलेलं. तिथून ते कचेरीत गेलं आणि कचेरीतून घरी आलं. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं एक किलोचं पितळी वजन कायम असायचं. डॉक्टरांकडे गेल्या तरी काट्यावर चढण्याआधी त्याची सुई शून्यावर आहे ना, हे बघून घ्यायच्या. यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नसे. कुणी खोटं बोलतंय असं त्या म्हणत नसत. कुणी तपासलेलं नाही, एवढंच म्हणत.

जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी एका धान्याच्या गोदामात मोठ्या काट्याच्या लोखंडी उतरणीवरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट दोन जागी मोडलं. आत एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. तीन महिन्यांची रजा मिळाली. आणि घरातली प्रत्येक वस्तू हळूहळू हलकी व्हायला लागली.

आधी बादली. नळाखालची बादली कधी निम्म्याच्या वर भरलेली दिसेना. मग बरण्या. ज्या झाकणांशी तीस वर्षं झटापट चालायची, ती नुसता हात लावला की फिरू लागली. साबणाचा मोठा पुडा आणला होता, तो दोन छोट्या डब्यांत जाऊन बसला. काटेबाईंनी सगळं पाहिलं आणि कुणालाच काही विचारलं नाही. पुरावा पुरेसा जमल्याशिवाय त्या कुणाला विचारत नसत.

घरात दोनच माणसं. दुसरे त्यांचे यजमान. ते शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर उघडी पडलेली यंत्रं, आणि बोटांना तेलाचा वास. बोलणं कमी. सुईच्या नेढ्यातून दोरा एका झटक्यात ओवणारा माणूस, पण बायकोने रोखून पाहिलं की चष्मा पुसायला घ्यायचा.

मुलगी दूर नोकरीला. अपघातानंतर पंधरा दिवस येऊन राहिली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू दाबताना आईला कंटाळा येतो, हे तिने पाहिलं आणि आपलं जुनं खेळाचं यंत्र टीव्हीला जोडून दिलं.

"आई, यात दहाही बोटं चालतात. तलवार आहे, राक्षस आहेत, जंगल आहे. तुला आवडेल."

"मला राक्षस कशाला आवडतील?"

"बाजारात तेच करतेस ना?"

खेळ सुरू करताना पाच पातळ्या विचारल्या होत्या. मुलीने सर्वांत सोप्या पातळीवर बोट ठेवलं.

"थांब. यात काय कमी करतात?"

"राक्षसांचं बळ. त्यांनी मारलेलं कमी लागतं."

"दात किती दाखवतात?"

"दात तेवढेच दिसतात गं. चावा हलका असतो."

"म्हणजे वजनात खोट," काटेबाई म्हणाल्या आणि शेवटच्या पातळीवर गेल्या. सर्वांत कठीण. तिथे जीव एकच. मेलं की सगळी वाटचाल पुसली जाते आणि पहिल्या गावाच्या वेशीवर, अंगावर फाटका सदरा घेऊन, पुन्हा उभं राहायचं. एकदा ही पातळी घेतली की मधेच उतरता येत नाही. मुलगी म्हणाली, "अगं, मीही कधी ती घेतली नाही." काटेबाईंनी बटण दाबलं.

पहिल्या आठवड्यात त्या एकतीस वेळा मेल्या. लांडग्याने खाल्लं, दलदलीने गिळलं, एकदा तर एका कोंबडीला चुकून तलवार लागली म्हणून अख्ख्या गावाने मिळून मारलं. प्रत्येक मरणाची त्यांनी वहीत नोंद केली : ठिकाण, वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात सुरुवातीला बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता : हात. अंगठा वेळेवर दाबला जायचा नाही, मधलं बोट थरथरायचं. आठवडा सरता सरता तो शब्द विरळ झाला आणि त्याजागी 'घाई', 'दुर्लक्ष', 'लोभ' असे शब्द येऊ लागले. बत्तिसावी वाटचाल सोळाव्या दिवशी तुटली. तेहतिसावी अजून चालू होती, सदतीस दिवस झाले होते, आणि शेवटचा डोंगर समोर दिसत होता.

तेवढ्यात कचेरीचं पत्र आलं. रजा संपल्यावर, येत्या सोमवारी, वीस किलोची पेटी जमिनीवरून उचलून टेबलावर पाच वेळा ठेवून दाखवायची. जमलं तर बाजारातल्या तपासणीवर परत. नाही जमलं तर नोंदवह्यांच्या खोलीत बदली. ती खोली त्यांनी पाहिली होती. तिला एक खिडकी आहे आणि खिडकीसमोर भिंत आहे. परीक्षा नको असेल तर पत्राखाली तशी सही करून पाठवायचीही सोय होती.

हात तेवढा झाला आहे का, हे विचारायचं कुणाला? यजमान म्हणणार, झाला. मुलगी म्हणणार, झाला. व्यायामाच्या बाई तर पहिल्या दिवसापासून "छान, छान" म्हणत होत्या, चेंडू हातातून निसटला तेव्हासुद्धा. माया करणाऱ्या माणसांचा काटा आधीच एका बाजूला झुकलेला असतो. डोंगरावर बसलेल्या राक्षसाला मात्र काटेबाईंच्या मनगटाची काहीच कहाणी ठाऊक नव्हती. म्हणून त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं : शेवटच्या राक्षसासमोर हाताने दगा दिला नाही, तर परीक्षेला जायचं. हात सुटला, तर सही करायची.

आणि आता या सात बाटल्या. प्रमाण म्हणून धरलेल्या वजनातच कुणीतरी ढवळाढवळ केली होती.

त्यांनी आधी खेळाची पातळी उघडून पाहिली. तिथे लिहिलं होतं : सर्वांत कठीण. पण पाटीवर काय लिहिलंय यावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. गेल्या आठवड्यात त्यांनी तीन दरोडेखोर एका दमात लोळवले होते. तेव्हा त्या खूश झाल्या होत्या. आता ती खुशीच संशयास्पद वाटू लागली.

बुधवारी सकाळी त्या पहिल्या गावाबाहेरच्या कुरणात परत गेल्या. काटा तपासताना आधी पारडं रिकामं करतात. काटेबाईंनी चिलखत उतरवलं, ढाल ठेवली, अंगठ्या काढल्या, आणि पहिल्या दिवशी होता तसा फाटका सदरा चढवून त्याच लांडग्यासमोर उभ्या राहिल्या. नायकाची ताकद आता पुष्कळ वाढली होती, पण ती वाढही त्यांनी वहीत टिपलेली होती. तिचा हिशोब वजा करता येत होता. तीन चावे घ्यायचे, मोजायचे आणि मग लांडग्याला संपवायचं. चौथा चावा बसला असता तर सदतीस दिवसांची वाटचाल एका लांडग्याच्या पोटात गेली असती.

पहिला चावा. दुसरा. तिसरा. तलवार फिरली, लांडगा आडवा झाला. वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं : चावा तेवढाच जड होता. राक्षसांचं बळ कुणी कमी केलं नव्हतं.

मग बाटल्या आल्या कुठून?

त्यांनी मुलीला फोन लावला.

"तू तिकडून माझ्या खेळात काही केलंस का?"

"मी तिकडून हात कसा घालणार आई? आणि घातला असता तर कोंबडीच्या वेळी नसता का घातला?"

"हसू नकोस. सात बाटल्या जास्त आहेत."

"मोजायला चुकली असशील."

आपण कुणाला काय बोललो हे मुलीला लगेच कळलं. "बरं, नसशील चुकली," ती म्हणाली. "बाबांना विचारलंस?"

"पुरावा नाही."

त्या दुपारी व्यायामाला जाताना काटेबाईंनी खेळाच्या कंट्रोलरला काळ्या दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि कचेरीत तपासलेल्या वजनांच्या पेटीला घालतात तशी गाठ मारली. कुणी सोडली तर कळावं म्हणून टोकं मुद्दाम वाकडी, एक लांब, एक आखूड. परत आल्या तेव्हा गाठ होती तशीच होती आणि बाटल्या चव्वेचाळीस. गुरुवारी पुन्हा तीच गाठ मारून त्या बाहेर पडल्या. परत आल्या तेव्हाही गाठ जागेवर होती. एक टोक लांब, एक आखूड. बाटल्या मात्र पन्नास.

काटेबाई खिडकीपाशी उजेडात गेल्या आणि चष्मा वर सरकवून गाठीकडे पाहत राहिल्या. गाठ जास्तच चांगली होती. त्यांची स्वतःची गाठ थोडी फुगीर यायची, उजव्या हाताने अजून घट्ट ओढता येत नव्हती. ही गाठ मुगाएवढी, घट्ट आणि अगदी मधोमध. दोन्ही वेढे एकमेकांना चिकटून, एकसारख्या ताणाचे. चोराने लांब-आखूड टोकांची नक्कल बरोबर केली होती. पण गाठ वाईट मारणं काही त्याच्या हातून झालं नव्हतं. दोऱ्याला नाकाजवळ नेलं. यंत्राच्या तेलाचा वास.

रस्त्याकडच्या खोलीतून यजमानांचा आवाज आला, "चहा टाकू का?"

"टाका," काटेबाई गोड आवाजात म्हणाल्या. तो आवाज ऐकून बाजारातले दुकानदार काउंटरखालची वजनं लपवायचे.

शुक्रवारी त्या नेहमीच्या वेळी निघाल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या, औषधांच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि मागच्या दाराने घरात आल्या. आतल्या खोलीत यजमान खुर्चीच्या कडेवर बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत, कंट्रोलर दोन्ही हातांत पोळत असल्यासारखा धरलेला. पडद्यावर काटेबाईंचा तो नामांकित योद्धा कुरणात वाकून झाडपाला तोडत होता. मग तो उलट्या पावलांनी चालत चालत मागे जाऊ लागला.

"मागे नदी आहे, डावीकडे वळा," काटेबाई म्हणाल्या.

"हो, बघितली," यजमान म्हणाले. मग त्यांची मान ताठ झाली. हळूहळू त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"किती दिवस?"

"सोमवारी केलं. मग काल. आज तिसरा."

"एकच जीव आहे त्यात. लांडगा आला असता तर?"

"लांडगा दिसला की मी गावात पळत होतो. त्या वैद्याच्या झोपडीत शिरून दार लावायचं. काल ससा आला, त्यालाही बघून पळालो." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मग पुन्हा काढला. "मी लढलो नाही गं. नुसता पाला तोडला आणि वैद्याकडून बाटल्या भरून घेतल्या."

"का?"

"तुझ्या बाटल्या कमी पडतील असं वाटलं."

"बाटल्या की हात?"

यजमानांची नजर वहीकडे गेली. वहीचं शेवटचं पान त्यांनी वाचलं होतं, हे काटेबाईंना त्या नजरेवरून कळलं.

"बरण्यांची झाकणं?"

"मीच सैल करतो. सकाळी, तू अंघोळीला गेलीस की."

"बादली?"

"तीसुद्धा."

"साबणाचा पुडा?"

"तो खरंच फुटला होता." काटेबाईंच्या भुवया वर गेल्या. "देवाशपथ फुटला होता!"

"कचेरीत माझ्या साहेबांना भेटून परीक्षेबद्दल काही बोललात का?"

"नाही."

"बघा हं."

"नाही म्हटलं ना." आता त्यांचाही आवाज जरा चढला. "तू त्या भिंतीसमोरच्या खोलीत बसलीस तर मला रोज संध्याकाळी ती भिंत ऐकावी लागेल. मला माझ्यापुरता जीव नाही का?"

काटेबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. या उत्तरात काही खोट आहे का, हे त्यांनी बराच वेळ तपासलं. सापडली नाही. पण त्यांनी शंका मिटवली नाही, नुसती बाजूला ठेवली.

शनिवारी सकाळी, न्याहारी झाल्यावर, त्यांनी योद्ध्याला नदीकाठी नेलं आणि एकेक करून तेरा बाटल्या पाण्यात सोडल्या. बुडुक, बुडुक असा आवाज यायचा. यजमान दारात उभे राहून बघत होते.

"तेरा बाटल्या! माझी मान आखडली होती."

"बसायचं असेल तर बसा. पण हात दिसले पाहिजेत."

ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

डोंगरावरचा राक्षस म्हणजे बुरुजाएवढा सरडा होता, सहा पायांचा, आणि त्याच्या शेपटीला दगडाचा गोळा. काटेबाई पाठ ताठ करून बसल्या. अंगठा, मधलं बोट, अंगठा. उडी, ढाल, मागे. पंधरा मिनिटांनी मनगट गरम झालं. अर्ध्या तासाने त्यातले सहाही स्क्रू वेगवेगळे जाणवू लागले. बाटल्या तीसवर आल्या, अठरावर आल्या, पाचवर आल्या. यजमानांनी डोळे मिटून घेतले होते आणि मधूनमधून विचारत होते, "आहेस का?"

"आहे."

सरड्याच्या बळाची पट्टी दोऱ्याइतकी बारीक उरली. एक वार पुरला असता. सरड्याने शेपूट उचललं. मागे सरायची ती वेळ होती. काटेबाई पुढे धावल्या.

पडदा काळा झाला. मग पहिल्या गावाची वेस दिसली, आणि फाटका सदरा.

यजमानांनी मांडीखालचे हात काढले. "त्या तेरा बाटल्या असत्या तर..."

"तर ते माझं माप नसतं." काटेबाई उजवा हात उघडत होत्या, मिटत होत्या. त्यांनी वही ओढली आणि मरणाची नोंद केली. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं : घाई.

यजमान मागून वाकून वाचत होते. "घाई?"

"बोट होतं तिथेच होतं. मागे यायचं बटण दाबायचं सोडून मी पुढचं दाबलं. एका वाराचा मोह झाला."

"हे तू सोयीने तर मोजत नाहीयेस ना?"

बत्तीस वर्षांच्या संसारात काटेबाईंच्या मापावर त्यांनी पहिल्यांदा शंका घेतली होती. काटेबाई वळल्या. रागावतील असं यजमानांना वाटलं. पण त्या नीट विचारात पडल्या होत्या.

"बरं विचारलंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेवटी डोळे उघडले होते?"

"शेवटच्या पाच मिनिटांत तुझ्या हाताकडेच बघत होतो. पडदा बघवत नव्हता."

"मग सांगा. सुटला?"

"नाही."

"माझ्यासाठी म्हणताय?"

"हे बघ," यजमान म्हणाले, "सुई मोडली की टाका चुकला, एवढं मला दुसऱ्या खोलीतून नुसत्या आवाजावरून कळतं. तुझी सुई शाबूत होती. टाका चुकला."

काटेबाईंनी कचेरीचं पत्र सही न करता पर्समध्ये ठेवलं, पितळी वजनाशेजारी.

सोमवारी यजमान बरोबर आले. कचेरीच्या मागच्या खोलीत साहेब वाट बघत होते. जाडजूड, हसतमुख गृहस्थ. काटेबाईंच्या हाताखालीच शिकून त्यांच्या वर गेलेले. जमिनीवर लाकडी पेटी, तिला दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या, झाकणावर वीसचा आकडा आणि कुलपावर लाखेचा शिक्का.

"चला, उरकून टाकू. नुसती औपचारिकता आहे हो," साहेब म्हणाले.

काटेबाई वाकल्या, कड्या धरल्या, पेटी दोन बोटं उचलली आणि लगेच खाली ठेवली. साहेबांचा चेहरा पडला. "दुखलं का?"

"उघडा."

"अहो, शिक्का आहे त्याला."

"म्हणूनच म्हणते, उघडा."

पेटीत पाच-पाच किलोची तीन वजनं होती आणि चौथ्याच्या जागी गोणपाट.

काटेबाईंची मान गर्रकन दाराकडे फिरली. यजमानांनी दोन्ही हात वर केले. "मी नाही! बाटल्या माझ्या. पेटी माझी नाही!"

"कुठल्या बाटल्या?" साहेबांनी विचारलं.

"त्याचं नंतर. पेटी कुणाची?"

साहेबांचे कान लाल झाले. "माझीच. सव्वीस वर्षं तुम्ही... मला पहिलं वजन कसं धरायचं ते तुम्ही शिकवलंत. म्हटलं, पाच किलोसाठी कशाला उगाच."

"ही पेटी बाजारात सापडली असती तर तुम्ही मला काय लिहायला सांगितलं असतं?"

साहेब स्वतः जाऊन कपाटातून चौथं वजन घेऊन आले. काटेबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि उलटं करून तळाचा शिक्का पाहिला. मग बाकीच्या तिन्हींचा. "हे शिक्के गेल्या वर्षीचे आहेत."

"तुम्ही रजेवर होतात ना."

"म्हणजे ही वीस किलो आहेत हे कुणालाच माहीत नाही."

मग परीक्षा थांबली आणि काटा आला. काटेबाईंनी एकेक वजन उचलून पारड्यात ठेवलं, काढलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. एक वजन जरासं कमी भरलं. ते बाजूला काढून कपाटातलं दुसरं घेतलं, तपासलं. यात पाऊण तास गेला. यजमान बाकावर बसून मनातल्या मनात मोजत होते, एवढ्या वेळात बायकोने पाच-पाच किलो किती वेळा उचललं. तेवीसवर त्यांनी मोजणं सोडून दिलं. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता पेटीची काही गरज आहे का?"

"पत्रात लिहिलंय."

एकदा. दोनदा. तीनदा. चौथ्यांदा पेटी टेबलाच्या कडेला आपटली. पाचव्यांदा ती टेबलाच्या उंचीवर येऊन हवेत थांबली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात थरथरू लागला. तशीच टाकून मोकळं व्हावं असा मोह काटेबाईंना झाला. त्यांनी घाई केली नाही. श्वास सोडला, पाऊल नीट रोवलं, आणि पेटी टेबलावर ठेवली.

साहेबांनी नोंदवही पुढे केली. काटेबाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहिलं : पेटीत वीस किलो, वजनं आजच तपासलेली. पाच वेळा ठेवली. पाचव्या वेळी थरथर.

"थरथर कशाला लिहिता?" साहेब म्हणाले.

"होती म्हणून."

यजमान पर्स घेऊन उभेच होते. "मी निघतो घरी. तू संध्याकाळी येशील." दोन पावलं जाऊन ते परत आले. "तो खेळ... आता तुझं नव्यानेच सुरू होणार आहे, तर मी माझा वेगळा सुरू केला तर चालेल? अगदी सोप्या पातळीवर. मला नुसता पाला तोडायचाय."

काटेबाईंनी नोंदवहीतून वर पाहिलं आणि त्यांना नीट न्याहाळलं.

"करा," त्या म्हणाल्या. "मी आल्यावर बघेन, कोणती पातळी आहे ती."